जोडीचे एसयू: विदर्भाच्या उन्हात जुन्या एमजीचे कार्बोरेटर उघडणे, दुरुस्त करणे आणि लावणे

एमजी-बी ही १९६२ साली आलेली उघडी, दोन सीटची गाडी. इंजिन १७९८ सीसी, त्याच्या डाव्या अंगाला एसयू या ब्रिटिश बनावटीचे, दीड इंची एचएस४ जातीचे दोन कार्बोरेटर. एसयूत हवेच्या ओढीने एक पिस्टन उचलतो, त्याच्या तळाची निमुळती सुई जेटच्या भोकात वर-खाली होते आणि तेवढंच पेट्रोल सोडते. हे इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज घराण्यातलं, आणि आपल्या अॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिनही त्याच घरचं. म्हणून तालुक्याच्या ज्या मिस्त्रीने जन्मभर अॅम्बेसेडर उघडल्या, त्याला या गाडीचे टॅपेट, पॉइंट, हेड सगळं ओळखीचं निघतं. अडतं ते जोडीच्या कार्बोरेटरपाशी. तिथे स्क्रू पिळत बसण्याची घाई होते आणि गाडी अजून बिघडते.

खालचे आकडे एचएस४ आणि एमजी-बीचे आहेत. इतर एसयूंवर पद्धत हीच, पण सुई आणि माप त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी

गाडी मिसिंग मारते, स्लोवर (पाय न देता इंजिन फिरतं त्या वेगावर) थांबत नाही, पिकअप देताना खोकते, म्हणजे कार्बोरेटर गेला असं धरून चालणं म्हणजे दुखणं हाल्याला आणि डाग पखालीला. आधी हे तपासा:

- टॅपेट गॅप थंड इंजिनवर ०.३८ मिमी.
- पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, प्लगचा ०.६४ मिमी.
- टायमिंग स्थिर अवस्थेत टीडीसीच्या (इंजिनचा पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) १० अंश आधी. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हाताने हलवून पाहा. तो डुगडुगत असेल तर टायमिंग कधीच एका जागी राहणार नाही.
- चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या दहा टक्क्यांत.

१९६७ पर्यंतच्या गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचा अधिक टोकाचा ध्रुव चासीला. टायमिंग लाइट किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावण्याआधी तारा बघा, नाहीतर नवीन वस्तू पहिल्याच मिनिटाला जळते.

मग हवेची गळती. इंजिन स्लोवर चालू ठेवून मॅनिफोल्डचं पॅकिंग, कार्बोरेटरची फ्लँज आणि थ्रॉटल स्पिंडलची चारही टोकं यांवर कार्ब क्लीनरची बारीक फवारणी करा. जिथे मारल्यावर इंजिनचा आवाज बदलतो तिथून इंजिन हवा खेचतं. हे काम उघड्यावर करा, एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून फवारा दूर ठेवा, आणि शेजारी अग्निशामक सिलिंडर असू द्या. मॅनिफोल्ड तापलेला आहे आणि तुम्ही त्याच्यापासून एका वितीवर ज्वालाग्राही द्रव उडवताय, हे विसरू नका. गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा, पंखा समोरच फिरतोय.

उघडताना

दोन्ही कार्बोरेटर सोबत काढा, पण भाग एका परातीत एकत्र टाकू नका. वरचं घंटेसारखं सक्शन चेंबर आणि आतला पिस्टन ही कारखान्यात जुळवलेली जोडी असते. पुढच्याचा पिस्टन मागच्या चेंबरमध्ये गेला की दोन्ही कामातून गेले. चेंबर काढण्याआधी बॉडीवर आणि चेंबरवर पेनाने खूण करा, ते फिरवून बसवलं तर पिस्टन अडकू शकतो. नट-बोल्ट यूएनएफ, म्हणजे बारीक आट्यांच्या इंची मापाचे आहेत. १३ नंबरचा पाना अर्ध्या इंचाच्या, म्हणजे चार सुताच्या, बोल्टवर बसतो खरा, पण कडा खातो. इंची पाने आणा.

स्वच्छता रॉकेल आणि मऊ ब्रशने. शेवटी पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा. चेंबरची आतली भिंत आणि पिस्टनची बाहेरची कड यांना पॉलिश पेपर लावायचा नाही, तेलही लावायचं नाही. तिथली फट म्हणजे पिस्टनची सील, आणि एकदा खरवडली की परत भरत नाही. तेल फक्त पिस्टनच्या दांड्यावर, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब.

जोडी चांगली आहे का हे पाहायची सोपी चाचणी आहे. पिस्टनच्या तळाची छिद्रं मळलेल्या कणकेने बंद करा. डॅम्परची (तेलात बुडून पिस्टनची चाल मंद करणारा दांडा) टोपी बिनतेलाची वरून लावा, पिस्टन चेंबरमध्ये पूर्ण आत ढकला. आता पिस्टन हातात धरून चेंबर आपल्या वजनाने खाली घसरू द्या. पूर्ण घसरायला ५ ते ७ सेकंद लागले पाहिजेत. दोनच सेकंदांत खाली आलं तर झीज जास्त आहे, घसरता-घसरता अडलं तर घाण आहे किंवा कुठेतरी चेपलंय. पुढच्याला ६ आणि मागच्याला साडेसहा लागले तर चालतं. एकाला ४ आणि दुसऱ्याला ७ लागले, तर ती जोडी पुढे कधीच एका सुरात चालणार नाही.

स्पिंडल

या कार्बोरेटरचं खरं मरण इथे होतं. ५/१६ इंचाचा स्पिंडल अॅल्युमिनियमच्या बॉडीत फिरतो, धूळ आत जाते, भोक लंबगोल होतं. बटरफ्लाय, म्हणजे स्पिंडलवरची हवेची वाट उघडणारी चकती, पूर्ण बंद असतानाही बाजूने हवा शिरते. स्लोवर इंजिनला हवा थोडीशीच लागते, त्यामुळे एवढी गळतीसुद्धा मिश्रण लीन करते, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. मिस्त्री मग पेट्रोल वाढवायला जेट खाली नेतो, स्लो जरा सुधारतो, पण पुढे धावताना गाडी काळा धूर सोडते. तरी दोष जेटलाच.

नुसता नवा स्पिंडल टाकून भागलं तर नशीब. स्पिंडल हाताने वर-खाली हलवल्यावर खेळ स्पष्ट जाणवला तर ब्रॉन्झचे बुश लागतील. गावातल्या लेथवाल्याकडे ट्रॅक्टरचे बुश रोज बनतात, पण त्याला दोन गोष्टी ठासून सांगा. दोन्ही बाजूंची भोकं एकाच सेटिंगमध्ये, एका रेषेत रीम करायची, हँड ड्रिल नको. आणि बुश बोअरच्या आत अजिबात डोकावता कामा नये, नाहीतर बटरफ्लाय घासतो.

बटरफ्लाय परत बसवताना त्याच्या कडांचा उतार बरोबर बाजूला ठेवा. तो बंद करून बॉडी ट्यूबलाइटसमोर धरा, उजेडाची रेघ सगळीकडून सारखी बारीक दिसली पाहिजे. काही बटरफ्लायमध्ये स्प्रिंगचा एक छोटा व्हॉल्व असतो. तो झिजला की स्लो वाढलेलाच राहतो, म्हणून साधी चकती बसवणं बरं. दोन्ही छोटे स्क्रू नवेच घ्या आणि घट्ट केल्यावर त्यांची चिरा असलेली टोकं पसरवा. स्क्रू सुटला तर तो जातो थेट सिलिंडरमध्ये, आणि त्या इंजिनचं पुढे काय होतं ते सांगायला नको.

फ्लोट, जेट, सुई, डॅम्पर

फ्लोट चेंबरचं (पेट्रोलची पातळी राखणारी वाटी) झाकण उलटं धरा. फ्लोटची पट्टी आणि झाकणाची कड यांत एक ते दीड सूत, म्हणजे ३.२ ते ४.८ मिमी फट हवी. ४ मिमीचा ड्रिल बिट मधे सरकवून बघा, सहज जातो आणि जवळपास घासतो तेवढं बरोबर. फट चुकली तर पट्टी वाकवायची, फ्लोटला हात लावायचा नाही.

जेट ०.०९० इंचाचं, म्हणजे साधारण २.२९ मिमी बोअरचं. त्यात तार घालू नका. जुन्या नळीचं प्लास्टिक पिवळं, कडक झालं असेल तर जेट नळीसकट बदला.

सुई पिस्टनच्या तळाशी बसते. स्थिर जातीची असेल तर तिचा खांदा पिस्टनच्या तळाशी अगदी सपाट आला पाहिजे. मग जेट मधोमध आणायचं: लॉक नट सैल करा, जेट पूर्ण वर आणा, पिस्टन हलक्या हाताने खाली दाबा आणि तशात नट घट्ट करा. पिस्टन उचलून सोडल्यावर स्वच्छ, धातूचा टक् असा आवाज आला पाहिजे. जेट खाली करून पुन्हा सोडा. दोन्ही वेळा आवाज सारखा नसेल तर जेट मधोमध नाही, परत करा. या कामात अर्धा तास जातो आणि चिडचिड होते, पण त्याला दुसरा रस्ता नाही. स्प्रिंगच्या कलत्या सुया नंतरच्या गाड्यांत आल्या, त्यांना ही कसरत लागत नाही.

पिस्टनची स्प्रिंग लाल रंगाची, दोन्हीकडे सारखी.

डॅम्परमध्ये मॅन्युअलप्रमाणे एसएई २० तेल. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बॉनेटखाली ते पाण्यासारखं पातळ होतं. पातळ तेलाने पिस्टन झटक्यात वर उडतो आणि पायाखालचं अॅक्सिलेटर दाबल्याबरोबर गाडी ठसकते. उन्हाळ्यापुरतं २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल घाला, चालतं. भरताना टोपी आट्यांपासून सुमारे ६ मिमी वर असतानाच अडथळा जाणवला पाहिजे.

बसवताना होणारी एक चूक

कार्बोरेटरच्या हवा घेणाऱ्या फ्लँजवर दोन छोटी छिद्रं असतात. पिस्टनखालच्या पोकळीला बाहेरची हवा तिथूनच मिळते. एअर फिल्टरचं पॅकिंग उलटं बसलं की ही छिद्रं झाकली जातात, पिस्टन पुरता उचलत नाही आणि इंजिन वेगाला दम तोडतं. बाकी सगळं बरोबर, तरी गाडी धावत नाही, अशा वेळी सगळ्यात आधी हे पॅकिंग काढून पाहा. बाजारातली कापीव पॅकिंग बहुतेकदा छिद्राशिवायच येतात, पंचने छिद्र करून घ्या.

मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये उष्णतारोधक ठोकळे आणि पत्र्याची हीट शील्ड असायलाच हवी. शील्ड काढून टाकलेल्या गाड्या फक्त हिवाळ्यातच ठीक चालतात.

जुळवणी

इंजिन पूर्ण गरम करा, फिल्टर काढून ठेवा.

दोन्ही कार्बोरेटरना जोडणाऱ्या स्पिंडलचे क्लॅम्प सैल करा. स्लोचे स्क्रू पूर्ण मागे घ्या, मग टेकेपर्यंत आणून प्रत्येकी दीड आटा आत. जेटचे नट वर, जेट पुलाशी (कार्बोरेटरच्या तोंडातला उंचवटा) सपाट येईपर्यंत फिरवा, मग दोन पूर्ण आटे, म्हणजे नटाचे बारा पैलू, खाली. ही सुरुवात.

आता हवा. सिंक्रोमीटर (हवेचा ओघ मोजणारं मीटर) नसेल तर ठिबकची १६ मिमी लॅटरल दीड हात कापा. एक टोक कानाशी, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाच्या काठाशी, दोन्हीकडे अगदी एकाच जागी. सुसाटा ऐका. जास्त जोरात सुसाटणाऱ्याचा स्लो स्क्रू मागे, दुसऱ्याचा पुढे, दोन्ही एका सुरात येईपर्यंत. अशी जुळवलेली गाडी मीटरने तपासली तरी फारसा फरक निघत नाही. स्लो मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आसपास ठेवा. मॅन्युअलमध्ये ५०० लिहिलंय, पण गरम इंजिन आणि आजचं पेट्रोल त्यावर टिकत नाही.

मग मिश्रण. कार्बोरेटरच्या बाजूची उचल-पिन वापरून पुढच्याचा पिस्टन फक्त पाऊण मिमी उचला.

इंजिनचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला, तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त: जेट वर, एका वेळी एक पैलू. वेग लगेच पडला, इंजिन बसायला लागलं, तर लीन: जेट खाली. किंचित वाढून परत जागेवर आला, तर बरोबर.

मागच्याचंही तसंच, मग परत पुढच्याचं, कारण एक बदलला की दुसऱ्याची चाल थोडी हलते. तीन फेऱ्या लागतात. पिन वापरताना जास्त उचललं की रिच गाडीही लीन वाटते, इथे बहुतेक जण फसतात.

शेवटी लिंक. थ्रॉटल शाफ्टच्या वरच्या थांब्यापाशी, हीट शील्डला लागून, ०.३ मिमीचा फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) ठेवा. शाफ्टचा लिव्हर खाली दाबा, पिन फोर्कच्या खालच्या बाजूला हलकेच टेकली की क्लॅम्प घट्ट. हे दोन्हीकडे. हा थोडासा खेळ ठेवला नाही तर स्लोवर एक थ्रॉटल उघडाच राहतो आणि आतापर्यंतचं काम पाण्यात. १५०० च्या रेसवर नळीने पुन्हा ऐका, तिथेही सूर एकच हवा.

मे महिना आणि ई२०

इथून पुढचं इंग्लंडच्या मॅन्युअलमध्ये नाही.

एसयू स्थिर दाबफरकावर चालतो, त्यामुळे हवा विरळ झाली की मिश्रण घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात रिच होतं. विदर्भात हिवाळ्याच्या पहाटे १० अंश आणि चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात ४६ अंश, हा फरक धरला तर हवेची घनता बारा-तेरा टक्के बदलते. मिश्रण साधारण सहा टक्के सरकतं. म्हणजे मे महिन्यात दुपारी लावलेली गाडी डिसेंबरात सहा टक्के लीन असते आणि चहाची टपरी येईपर्यंत खोकत जाते. चिखलदऱ्याला सुमारे १,१०० मीटरवर चढलात तर विरळ हवेने मिश्रण चार-पाच टक्के रिच होतं, वरच्या गारव्याने त्यातलं थोडं भरून निघतं. तिथे जेटला हात लावू नका, खाली उतरायचंच आहे.

दुसरीकडे पंपावरचं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं, म्हणजे ई२०. शुद्ध पेट्रोलला जळायला १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. ई२० साठी हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो, म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे आठ टक्के जास्त इंधन. इंग्लंडमधून आलेली ५ नंबरची सुई या पेट्रोलवर गाडी लीन चालवते. लीन म्हणजे तापमान, आणि तापमान म्हणजे शेवटी जळलेला एक्झॉस्ट व्हॉल्व.

नुसतं जेट खाली नेऊन हे भागत नाही. नट फिरवल्याने सगळीकडची फट बदलते, पण सारख्या प्रमाणात नाही: जिथे सुई जाड आहे त्या स्लोच्या टोकाला फार, पूर्ण थ्रॉटलला नगण्य. त्यामुळे स्लो ओला आणि चढावर गाडी लीन, असं उलटं होतं. सुई बदलावी लागते. ६ नंबरची सुई ५ पेक्षा रिच आहे, आधी ती लावून बघा.

तीही पुरेशी नसेल तर सुई घासता येते, पण हिशोब करून. उदाहरण: जेट २.२९ मिमी, पूर्ण उघडल्यावर जेटच्या तोंडाशी असलेल्या जागी सुई १.८९ मिमी. आठ टक्के जास्त इंधनासाठी ती १.८५५ व्हायला हवी, म्हणजे ०.०३५ मिमी कमी. स्लोकडच्या भागात सुई २.१५ मिमी असेल तर तेच आठ टक्के फक्त ०.०११ मिमीत येतात. म्हणून सगळीकडून सारखी घासली तर स्लो बुडेल. सुई ड्रिलच्या चकमध्ये हलकी धरा, १००० नंबरचा पेपर तेलात भिजवून हळूच फिरवा, दर वेळी मायक्रोमीटरने दर ३.२ मिमीवर माप घ्या आणि वहीत लिहा. खांद्याजवळचा भाग जवळपास अस्पर्श ठेवा. दोन्ही सुया एकाच मापाच्या. जुन्या सुया सांभाळून ठेवा.

पाहायचं कसं? एक्झॉस्टमध्ये सेन्सर बसवून वाइडबँड मीटर लावता आला तर उत्तम, पण तो लॅम्डामध्ये वाचा (१.० म्हणजे इंधनाला नेमकी पुरेल एवढी हवा, त्याखाली रिच). हवेच्या पटीचे आकडे पेट्रोलसाठी छापलेले असतात, ई२० ला ते फसवतात. पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा ०.८७ च्या आसपास, एका वेगात मोकळ्या रस्त्यावर ०.९८ ते १.०. मीटर नसेल तर नवे प्लग लावा, मोकळ्या सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल द्या, इग्निशन बंद करा, क्लच दाबून गाडी थांबू द्या. किल्ली फक्त इग्निशन बंद होईपर्यंतच, त्यापुढे नाही, स्टिअरिंग लॉक असलेल्या गाड्यांत ते फिरलं तर संपलंच. प्लगचा पांढरा इन्सुलेटर फिकट तपकिरी हवा. पांढराफट म्हणजे लीन. ई२० वर रंग थोडा फिकाच येतो, हे लक्षात धरा.

दुपारी बंद पडली तर

हायवेच्या धाब्यावर वीस मिनिटं थांबून परत चालू केली की फडफडते, पाचशे मीटरवर बंद. ही वाफ आहे. थांबलेल्या इंजिनची उष्णता फ्लोट चेंबरमध्ये चढते आणि पेट्रोल आतच उकळतं. अशा वेळी अॅक्सिलेटर पंप करणं निरर्थक, एसयूला पंप नाहीच. पाय पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर मारा, चोक ओढू नका. कायमचा उपाय: इंधनाची नळी एक्झॉस्टपासून दूर नेणे, तिला उष्णतारोधक आवरण, हीट शील्ड शाबूत, आणि एसयूच्या इलेक्ट्रिक पंपाचा दाब ३ पीएसआयच्या आत. त्याहून जास्त दाबाचा पंप लावला तर फ्लोट चेंबरमधला सुईचा व्हॉल्व बसत नाही आणि पेट्रोल ओव्हरफ्लो नळीतून खाली पडतं, तेही एक्झॉस्टच्या बाजूला.

रबराच्या नळ्या एसएई जे३० आर९ दर्जाच्याच घ्या. साधा रबर इथेनॉलने फुगतो, मऊ होतो, त्याचे काळे कण जेटमध्ये येतात. पावसाळ्यात इथेनॉल ओलावाही ओढतो, म्हणून दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, भरून ठेवा.

फिल्टर, आणि वेबरची हौस

नुसते ट्रम्पेट (हवेचे उघडे भोंगे) लावून, बिनफिल्टर गाडी चालवण्याची हौस इथे करू नका. काळ्या मातीची धूळ बारीक असते आणि हंगामात जिनिंगच्या आसपासच्या रस्त्यांवर रुईचा तंतू हवेत तरंगतो. तो कागदी फिल्टरवर लोकरीसारखा बसतो. दिवाळी ते होळी दर पंधरा दिवसांनी फिल्टर काढून झटका, कॉम्प्रेसरची हवा आतून बाहेर मारा. फिल्टर तुंबला की दोन्ही कार्बोरेटर रिच होतात आणि मग पुन्हा कुणीतरी जेट वर नेतो.

वेबर ४५ डीसीओई हा वेगळ्या जातीचा, मोठा कार्बोरेटर बसवण्याचा विचार असेल तर साधारण इंजिनवर सोडून द्या. कॅम आणि हेड बदललेलं नसेल तर एचएस४ च्या जोडीने इंजिनला हवं ते सगळं मिळतं. वेबरचे जेट आणि इमल्शन ट्यूब तालुक्याला मिळत नाहीत. एसयूत बदलायची वस्तू एक सुई, आणि ती पाकिटात घालून फिरता येते.

शेवटचं काम चोकचं. केबलला दीड मिमी ढील ठेवा, चोक आत ढकलल्यावर दोन्ही जेट पूर्ण वर परत जातात का हे डोळ्याने बघा. एक जेट अर्ध्यात अडकलं असेल तर वरचं सगळं परत करावं लागेल.